बोअरच्याही खाली

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्याख्यानाला कुणी प्राध्यापक, कुणी डॉक्टर येतात. यंदा समितीने आम्हाला उभं केलं. आम्ही डिप्लोमावाले. सरकारी नोकरीत वीसेक वर्षं बोअर, हातपंप आणि जळलेल्या मोटारी यांच्या संगतीत गेली. त्यामुळे विषय आमच्या धंद्याच्या शेजारचाच घेतला आहे, फक्त आमच्या बोअरपेक्षा बराच खाली जाणारा. जमिनीखाली एक, दोन, तीन किलोमीटरवर दगडाच्या फटींमध्ये सूक्ष्मजीव राहतात. तिथे ऊन नाही, वारा नाही, झाड नाही, पान नाही. मग ते खातात काय? आजचा विषय एवढाच.

बोअर चालू असली की भोवती गल्ली जमते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आधी काळी माती वर येते, मग मुरूम, मग काळा पाषाण. मधेच कधी लाल चिकट पट्टा लागतो आणि रिगवाला कपाळाला हात लावतो, कारण तो भाग ढासळतो. हा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, थंड झालेला लाव्हा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर असा पसरला. दोन थरांच्या मधल्या काळात वरचा दगड झिजून जी जमीन तयार झाली, ती पुढच्या लाव्ह्याखाली भाजली. तोच तो लाल पट्टा. आपलं माळव्याचं पठार या दगडाचं, आणि सह्याद्रीही त्याच दगडाचा. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा एकच काळा दगड पसरलेला आहे. आपले पूर्वज होळकरांच्या बरोबर इकडे आले तेव्हा राज्य बदललं, भाषा बदलली, पायाखालचा दगड मात्र तोच राहिला.

आता गर्दीतल्या कुणालाही विचारा, खाली काय आहे? उत्तर येतं, "दगड आणि पाणी." आम्हालाही डिप्लोमाच्या पुस्तकात तेवढंच होतं. जिवंत वस्तू जमिनीच्या वर, आणि मातीत चार-सहा फूट. त्याखाली निर्जीव.

ही समजूत शास्त्रज्ञांचीही होती. तिला पहिला तडा गेला १९२६ साली. शिकागो विद्यापीठात एडसन बास्टिन नावाचे भूगर्भशास्त्रज्ञ होते. तेलाच्या विहिरींतून तेलाबरोबर जे पाणी वर येतं ते त्यांनी तपासलं. ते पाणी मुळात जुन्या समुद्राचं, म्हणजे त्यात सल्फेट भरपूर असायला हवं. पण सल्फेट जवळजवळ नव्हतं, आणि सडक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड मात्र होता. बास्टिन यांना वाटलं, हे काम जिवाणूंचं आहे. उथळ गाळात असे जिवाणू माहीत होतेच, ते सल्फेटचा वापर करून श्वास घेतात. त्यांनी फ्रँक ग्रीअर या जिवाणूशास्त्रज्ञाला बरोबर घेतलं, आणि शेकडो मीटर खोलवरच्या पाण्यातून तसे जिवाणू वाढवून दाखवले.

लोकांनी विश्वास ठेवला का? नाही ठेवला. आणि खरं सांगायचं तर त्या लोकांचं चुकलंही नाही. रिगवर काम केलेल्या माणसाला हे लगेच पटेल. ड्रिलिंगच्या पाइपांवर आदल्या गावची माती असते. कॉम्प्रेसरचं तेल असतं. भोकात ओतलेलं पाणी कुठल्या नाल्यातून आणलं हे टँकरवाल्यालाच ठाऊक. म्हणून तर नवी बोअर झाल्यावर त्यात ब्लीचिंग पावडर टाकून पाणी उपसून काढायचं असतं. तेव्हा खालून जिवाणू आला असं म्हणण्याआधी तो वरून गेला नव्हता हे सिद्ध करावं लागतं. हा वाद जवळजवळ साठ वर्षं चालला. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने एक पद्धत बसवली. ड्रिलिंगच्या द्रवात मुद्दाम ओळखू येणारे पदार्थ मिसळायचे, पुढे तर जिवाणूंच्याच आकाराचे चमकणारे बारीक मणीही मिसळू लागले. दगडाचा गाभा वर आला की त्याचा बाहेरचा भाग सोलून टाकायचा आणि आतल्या भागात ती खूण उतरली आहे का ते बघायचं. खूण नसेल तरच आतल्या जिवाणूंना खालचे म्हणायचं. साउथ कॅरोलायना राज्यात अशा बोअर घेतल्या तेव्हा सुमारे ५०० मीटरवरसुद्धा जिवाणू निघाले. आमच्या मते हा या विषयातला सर्वांत मोठा शोध आहे, जरी त्यात जिवाणू शोधलेला नसून गाळणी शोधलेली आहे.

आता पुन्हा आपल्या मूळ प्रश्नाकडे. वरच्या जगाचं रेशन सूर्याकडून येतं. गवत ऊन खातं, गाय गवत खाते, आपण दूध पितो. गाय मेली की जंतू तिला खातात आणि खत पुन्हा गवताला. खाली काही प्रमाणात हेच उष्टं झिरपत जातं. पाण्याबरोबर कुजलेल्या पानांचा अर्क जातो, जुन्या गाळात अडकलेलं कार्बनी द्रव्य असतं. पण जिथे लाखो वर्षं वरचं पाणी पोचलेलंच नाही, तिथे काय?

याचं सर्वांत स्वच्छ उत्तर दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीत मिळालं. जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येला म्पोनेंग नावाची खाण आहे. जवळजवळ चार किलोमीटर खोल. तळाचा दगड साठ अंशांच्या वर तापलेला असतो, म्हणून माणसांना काम करता यावं यासाठी वरून बर्फाचा लगदा पाइपातून खाली सोडतात. तिथे २.८ किलोमीटर खोलीवर दगडातली एक फट फुटली आणि पाणी येऊ लागलं. २.८ किलोमीटर म्हणजे आपल्याकडची सहाशे फुटी बोअर एकाखाली एक अशी पंधरा वेळा मारायची. त्या पाण्यातले ५,६०० लिटर, म्हणजे आपल्या एका टँकरएवढं पाणी, संशोधकांनी गाळून काढलं. गाळणीवर जे जीव सापडले त्यांचा डीएनए वाचला, आणि २००८ साली निष्कर्ष छापले. त्या डीएनएपैकी ९९.९ टक्क्यांहून जास्त एकाच जातीच्या जिवाणूचा होता. वरच्या जगात असं कुठेही होत नाही. चमचाभर मातीत हजारो जाती असतात. इथे एकटा एक.

त्याचं नाव लांबलचक आहे, डेसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर. पहिला भाग गंधकावरून आणि त्याच्या काठीसारख्या आकारावरून. दुसरा भाग ज्यूल व्हर्नच्या पृथ्वीच्या पोटात जाण्याच्या कादंबरीतल्या एका लॅटिन वाक्यातून उचललेला आहे, अर्थ आहे धाडसी प्रवासी. मुलांनो, शास्त्रज्ञसुद्धा कादंबऱ्या वाचतात, हे घरी सांगायला हरकत नाही.

एकटा राहायचं म्हणजे सगळी कामं स्वतःला यायला हवीत. या जिवाणूच्या जनुकांत ती सगळी सापडली. कार्बन तो पाण्यात विरघळलेल्या साध्या संयुगांतून घेतो. नत्र खालच्या पाण्यात अमोनियाच्या रूपात मिळालं तर घेतो, नाही तर नत्रवायूपासून स्वतः बनवण्याची सोय त्याच्याकडे आहे. तेच काम आपल्या तुरीच्या, हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठीतले जिवाणू करतात. परिस्थिती फार बिघडली तर कवच करून तो झोपूनही राहू शकतो. प्राणवायूपासून बचाव करण्याची यंत्रणा मात्र त्याच्याकडे नाही. त्याच्या घरी प्राणवायू आलेलाच नाही, तर दाराला कडी कशाला?

राहिली शक्ती, म्हणजे चुलीचं सरपण. इथे गंमत आहे, जरा सावकाश सांगतो. त्या दगडात थोडं युरेनियम आहे. युरेनियमच्या किरणांनी पाण्याचे रेणू फुटतात. एका बाजूला हायड्रोजन सुटतो, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जहाल द्रव्यं तयार होतात. दगडात पायराइटही आहे. पायराइट म्हणजे लोखंड आणि गंधक यांचं सोनेरी चमकणारं खनिज, ज्याला पाहून पुष्कळांना सोन्याचा भास झाला. ती जहाल द्रव्यं पायराइटवर काम करतात आणि त्यातल्या गंधकाचं सल्फेट होतं. आता आपल्या प्रवाशाकडे दोन्ही वस्तू आल्या, हायड्रोजन आणि सल्फेट. हायड्रोजन हे त्याचं अन्न, आणि आपण जसा प्राणवायू घेतो तसा तो सल्फेट घेतो. या व्यवहारात जी शक्ती सुटते तिच्यावर तो जगतो. मागे उरतो तो हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे गंधक पुन्हा मूळ रूपात. तो पाण्यातल्या लोखंडाला भेटला की त्याचं परत काळं, दगडी खनिज होऊ शकतं. म्हणजे गंधक दगडातून निघालं, जिवाणूच्या ताटात गेलं, आणि परत दगडात बसायला मोकळं झालं.

सूर्य या हिशेबात कुठेही नाही. आणि रेशन किती दिवस पुरेल? युरेनियमचा मुख्य प्रकार निम्मा व्हायलाच साडेचार अब्ज वर्षं लागतात, जवळजवळ पृथ्वीच्या वयाएवढी. आमच्या खात्याच्या कुठल्याही योजनेत एवढ्या मुदतीची तरतूद आम्ही पाहिलेली नाही.

पुढे हाच जिवाणू सायबेरियात आणि कॅलिफोर्नियातही खोल पाण्यात सापडला. २०२१ साली संशोधकांनी या तिन्ही ठिकाणच्या जिवाणूंची जनुकं शेजारी ठेवून पाहिली, तर ती जवळजवळ सारखीच निघाली. त्यांचं म्हणणं असं की खंड एकमेकांपासून दूर गेले तेव्हापासून, म्हणजे साडेपाच ते साडेसोळा कोटी वर्षांपासून, हे जिवाणू वेगवेगळे राहूनही फारसे बदललेले नाहीत. आपली तिसरी-चौथी पिढी "करून राहिला आहे" असं मराठी बोलायला लागली, आणि हे कोट्यवधी वर्षांत बदलले नाहीत!

खाली फक्त जिवाणूच आहेत असंही नाही. दक्षिण आफ्रिकेतल्याच बिअॅट्रिक्स खाणीत १.३ किलोमीटरवरच्या पाण्यात २०११ साली एक जंत सापडला, अर्धा मिलिमीटर लांबीचा. तो जिवाणू खातो. म्हणजे खाली कुरणही आहे आणि चरणारंही आहे.

कॅनडात टिमिन्स गावाजवळच्या किड क्रीक खाणीत तर २.४ किलोमीटरवर असं पाणी निघालं की ते किमान दीड अब्ज वर्षं तिथेच अडकलेलं होतं. हे २०१३ साली छापून आलं. टोरांटो विद्यापीठाच्या बार्बरा शेरवूड लॉलर यांनी ते पाणी चाखूनही पाहिलं. फार खारट आणि बेचव, असा त्यांचा अभिप्राय. त्या पाण्यातलं सल्फेट तिथल्याच दगडातून, आता सांगितलेल्या रीतीनेच तयार झालं आहे, हे गंधकाच्या समस्थानिकांवरून पुढे दिसून आलं. २०१९ साली त्या पाण्यात सल्फेट घेणारे जिवाणूही असल्याचं प्रसिद्ध झालं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशात. आपल्या काळ्या दगडाचं काय?

त्याचं उत्तर कोयनेत आहे. ११ डिसेंबर १९६७ची पहाट, कोयनेचा भूकंप, रिश्टर मापावर ६.३. इथल्या ज्येष्ठांना ती बातमी आठवत असेल, कुणाचे नातेवाईक कराड-पाटणकडे असतील. धरणाच्या पाण्याचा आणि भूकंपांचा संबंध नेमका काय हे समजावं म्हणून केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने त्या भागात खोल बोअर घेतल्या, आणि त्यांतली एक तर तीन किलोमीटरची. त्यासाठी कराडला प्रयोगशाळा उभी केली. रासाटी गावाजवळच्या बोअरमध्ये ९३३ मीटरपर्यंत बेसॉल्ट लागला आणि त्याखाली ग्रॅनाइट, अडीच अब्ज वर्षांहून जुना. बोअर भूकंपासाठी होती, पण गाभा वर येतोच आहे तर आम्हालाही तुकडे द्या, असं म्हणून आयआयटी खरगपूरचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ पुढे आले. त्यांना वरच्या बेसॉल्टमध्येही आणि खालच्या ग्रॅनाइटमध्येही जिवाणूंचा डीएनए मिळाला. फार थोडा, पण मिळाला. दगड, पाणी आणि वायू यांवर भागवू शकणारे जिवाणू त्यांत होते. एक बोअर दोन खात्यांच्या उपयोगी पडली, हे आम्हा सरकारी माणसांना विशेष कौतुकाचं वाटतं.

बेसॉल्टच्या बाबतीत एक भांडणही आहे, ते लपवायला नको. १९९५ साली अमेरिकेत कोलंबिया नदीच्या खोऱ्यातल्या, आपल्यासारख्याच लाव्ह्याच्या दगडात, टॉड स्टीव्हन्स आणि जेम्स मॅकिन्ली यांनी असं मांडलं की बेसॉल्टमधलं लोखंड आणि पाणी यांच्या क्रियेतून हायड्रोजन निघतो आणि त्यावर मिथेन करणारे सूक्ष्मजीव जगतात. मिथेन करणारे म्हणजे गोबरगॅसच्या टाकीत काम करतात त्यांचेच भाऊबंद. तीन वर्षांनी दुसऱ्या गटाने प्रयोग करून सांगितलं, तिथल्या पाण्याच्या परिस्थितीत बेसॉल्टमधून हायड्रोजन निघत नाही. मग ते जगतात कशावर? हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही, आणि कोयनेसारख्या बोअर त्यासाठीही महत्त्वाच्या आहेत.

हायड्रोजन जमिनीत असतो हे मात्र आता कुणी नाकारत नाही. आफ्रिकेतल्या माली देशात बुराकेबुगू नावाचं गाव आहे. १९८७ साली तिथे पाण्यासाठी बोअर मारली. १०८ मीटर गेली तरी कोरडी. भोकातून वारा मात्र येत होता. सिगारेट ओढणारा एक कामगार डोकावून पाहायला गेला आणि भडका उडाला. तो भाजला, पण वाचला. बोअर बंद करून टाकली. पुष्कळ वर्षांनी तपासलं तेव्हा कळलं, तो वारा म्हणजे ९८ टक्के हायड्रोजन. पुढे त्याच्यावर गावात वीज आली. आता जगभर लोक जमिनीतला हायड्रोजन शोधत फिरताहेत, आणि कारखान्यात केलेला हायड्रोजन जमिनीखाली साठवायच्याही योजना आहेत. पण जे आपल्याला इंधन, ते खालच्यांचं जेवण. चेकोस्लोव्हाकियात लोबोदिसे इथे शहराचा गॅस भूमिगत साठवायचे, त्यात निम्मा हायड्रोजन असे. काही महिन्यांनी गॅस तपासला तर हायड्रोजन घटलेला आणि मिथेन वाढलेला. १९९०च्या सुमारास याचा खुलासा झाला. खालच्या सूक्ष्मजीवांनी साठा खाऊन टाकला होता. मालकांना कुणी विचारलंही नाही.

हे सगळे मिळून किती असतील? २०१८ साली बऱ्याच देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून अंदाज काढला. जमिनीखालच्या आणि समुद्रतळाखालच्या जीवसृष्टीतला नुसता कार्बन १५ ते २३ अब्ज टन. पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांमधल्या कार्बनच्या २४५ ते ३८५ पट. वेग मात्र अगदी मंद. आपल्या आतड्यातला जिवाणू प्रयोगशाळेत वीस मिनिटांत दुप्पट होतो. खोलवरचे काही शेकडो, कदाचित हजारो वर्षांत एकदा, असा अंदाज आहे. शिवाजी महाराजांच्या काळात एक जिवाणू दोन व्हायला लागला असेल तर त्याचं काम अजून चालू असेल!

आता तिथून वर या, आपल्या सहाशे फुटांवर. इथला वेग जास्त आहे, पण पंगतीचा नियम तोच. पाण्यातल्या कार्बनी द्रव्याला खाताना जिवाणू श्वासासाठी सर्वांत फायद्याची वस्तू आधी संपवतात. पहिला प्राणवायू. तो संपला की नायट्रेट, त्याचा पुन्हा नत्रवायू होऊन जातो. मग मँगनीज, मग गंजाच्या रूपातलं लोखंड, मग सल्फेट. काहीच उरलं नाही की मिथेनवाले बसतात. एकदा हा क्रम डोक्यात बसला की पाण्याच्या तक्रारीचा अर्ज वाचतानाच अर्धा तपास होतो.

हातपंपाचं पाणी बादलीत आलं तेव्हा स्वच्छ, आणि तासाभरात लालसर? म्हणजे खाली प्राणवायू नाही, पंगत लोखंडापर्यंत आली आहे. विरघळलेलं लोखंड बाहेरच्या हवेत गंजतंय. (अर्थात जुना जीआय पाइप सडला असेल तर तेही असू शकतं, आधी पाइप काढून बघावा.) पाइपाच्या तोंडाला तांबूस बुळबुळीत थर धरतो, तो लोखंडावर जगणाऱ्या जिवाणूंचा. सडक्या अंड्याचा वास येतो? पंगत सल्फेटवर गेली. आणि पाणी चकचकीत, वास नाही, रंग नाही, लोक खूश, पण तपासणीत नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे? हे सर्वांत फसवं. अंगावरच्या दुधाऐवजी बाटलीवर असलेल्या तान्ह्या मुलांना ते बाधतं, अंग निळं पडतं. आणि आपल्या काळ्या दगडात नायट्रेट टिकून राहतं, कारण ते संपवणाऱ्या जिवाणूंना बरोबर कार्बन किंवा पायराइटसारखं काही लागतं, आणि ते इथे थोडं आहे. पाणी उकळून ते जात नाही, उलट आटून वाढतं. वहिनींनी हे लक्षात ठेवावं.

बंगालमध्ये याच पंगतीने काय केलं ते माहीत असायला हवं. पोखरणींच्या पाण्याने हगवण होते म्हणून तिथे आणि बांगलादेशात १९७०नंतर लाखो नळकूप खोदले. हेतू उत्तम, आणि काम आमच्यासारख्याच लोकांनी केलेलं. पण हिमालयातून आलेल्या त्या गाळात लोखंडाच्या गंजाला आर्सेनिक चिकटलेलं होतं. खाली प्राणवायू संपलेला, गाळात कार्बनी द्रव्य भरपूर, जिवाणूंची पंगत लोखंडावर आली, आणि गंज विरघळताना आर्सेनिक पाण्यात मोकळं झालं. हातापायांवर डाग, मग व्रण, काहींना कर्करोग. १९८०च्या दशकात रोगी ओळखू आले, आणि यात जिवाणूंचा हात कसा आहे हे प्रयोगाने २००४ साली दाखवलं गेलं. आपल्याकडचा दगड वेगळा आहे, इथे ती भीती तशी नाही. पण पाणी काढण्याआधी तिथे खाली कोण बसलंय हे कुणी विचारलं नव्हतं.

आणि आपण काय करतो? मेलेल्या बोअरमध्ये सांडपाणी सोडतो. एका वसाहतीत आम्ही स्वतः पाहिलं, सेप्टिक टँकचा ओव्हरफ्लो सरळ केसिंगमध्ये. "साहेब, बोअर तर कोरडीच आहे, कुणाचं काय जातं?" मातीतून झिरपणारं पाणी गाळलं जातं, काळ्या दगडाच्या फटीतून जाणारं तसं गाळलं जात नाही. ते थेट शेजारच्या बोअरकडे जातं. कार्बन, नत्र, वरचे रोगजंतू, सगळं एका रात्रीत अशा ठिकाणी जिथे पंगत सावकाश चाललेली असते. काही वर्षांनी तीच वसाहत वासाच्या पाण्याची तक्रार घेऊन येते.

बंद बोअरचं काय करायचं, हे पुष्कळ जण विचारतात म्हणून सांगतो. नुसता दगड किंवा पोतं तोंडावर ठेवणं म्हणजे बंद करणं नव्हे. बोअरमध्ये मुलं पडू लागली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सूचना दिल्या. सोडलेली बोअर तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत माती, वाळू, दगडगोटे, किंवा बोअरमधूनच निघालेला चुरा यांनी भरून टाकायची. आम्ही त्यात आमचं एक घालतो. वरच्या दहा-पंधरा फुटांत चिकणमाती ठासून भरा, पाणी शिरायला नको. आपल्या मांडवापासून मंडळाच्या हॉलपर्यंतच अशा दोन आम्हाला दिसल्या, एकीवर कुंडी ठेवलेली आहे. समितीने ठरवलं तर विसर्जनानंतरच्या रविवारी ट्रॉलीभर माती आणि चार पोरं एवढ्यात काम होईल. फावडी आम्ही आणतो.

आरतीला अजून वेळ आहे. प्रश्न असतील तर विचारा. मागच्या रांगेतून पहिला.